डोळे फुटतील

सीताफळ पिकत आलं की त्याच्या डोळ्यांमधल्या फटी पांढऱ्या होतात. आमच्याकडे त्याला डोळे फुटले म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

धारूरच्या डोंगरातून अकरा वर्षं मी शफीच्या गाड्यावर सीताफळांच्या पाट्या आणते. सोमवारी त्यानं एक फळ दाबून पाहिलं आणि नेहमीसारखा ओरडला, "मावशी, आज कच्चं हाय. परवा सगळ्यांचे डोळे फुटतील, मग बघा तमाशा!"

आदल्या दिवशी मिरवणुकीत दगड पडला होता. आमच्याच गल्लीतला अंगद मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. तो बाजार टिपत फिरत होता. संध्याकाळी घरोघरी शफीचं तोंड दिसलं. पाटी दिसली नाही. 'परवा सगळ्यांचे डोळे फुटतील.' खाली लाल अक्षरं: फळवाल्याची उघड धमकी.

रात्रीच पोलिसांनी शफीला धरून नेलं. सकाळी त्याची बायको सलिमा दारात आली. "मावशी, अंगद तुमचं ऐकंल. जा ना त्याच्याकडं."

मी फळ घेऊन गेले. डोळे दाखवले, सगळं सांगितलं. अंगद मोबाइल धरून मान हलवत होता.

"काकू, पण तो तसं बोलला का न्हाई?"

"बोलला की."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानंच. त्याची सवयच हाय तशी."

दुपारी माझं तोंड दिसलं. 'बोलला की. मोठ्यानंच.' फळ दाखवलेलं तेवढं व्हिडिओतून कापलं होतं. चार वाजता पोरांनी गाडा उलथवला आणि पाट्या तुडवल्या.

मी पुन्हा अंगदकडे गेले. "बाकीचं कुठंय रे?"

"काकू, एवढं लांबलचक कोण बघतंय?" तो हसला. "लई चाललंय बघा तुमचं."

सलिमाला घेऊन ठाण्यात गेले. जमादारांना डोळ्यांचं सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"आजी, आमच्या बांधाला सीताफळंच हायेत. मला नका शिकवू."

"मग सोडा की त्याला."

"व्हिडिओत सीताफळ कुठंय? आन् साक्षीदार तर तुमीच."

बाहेर आल्यावर सलिमा पायरीवरच थांबली. मग म्हणाली, "मावशी, तुमी कशाला गेलात त्याच्याकडं?"

तिनंच पाठवलं होतं. मी ते बोलले नाही.