शेवंताबाईचे गंज

बालाघाटच्या एका वॉर्डातल्या बुद्धविहारात पोरांसाठी कम्प्युटर आला, तेव्हा शेवंताबाईची नात दीपिका नागपूरहून आली होती. तिच्या कंपनीतली माणसं टायपिंग शिकवणाऱ्या एका प्रोग्रामवर काम करत. प्रोग्राम फुकट आणि उघडा. कोणीही वापरावा, बिघडला तर कोणीही दुरुस्त करावा. तो बसवायचा का, हे ठरवायला महिला मंडळ बसलं.

शेवंताबाईनं नातीलाच धरलं. शेटलोक चिमूटभर मीठ फुकट देत नाहीत, हे कुठून देतील? आधी सवय लावतील, मग नरडं धरतील.

"तुह्या कंपनीले आमचा येवढा पुळका काहून व?"

दीपिका खोटं बोलली नाही. कंपनी आपल्या नव्या माणसांना त्याच्यावरच शिकवते, म्हणून नीट ठेवते. चारचौघांत कंपनीचं नावही होतं. पण केलेली दुरुस्ती सगळ्यांनाच मिळते.

"मतलब त हायेच, आजी."

"ऐका," शेवंताबाई बायांकडं वळली. "म्या विहाराले गंज देल्ले, तवा माहा काय मतलब होता?"

माना डोलायला हव्या होत्या. बाया सतरंजीकडं पाहत राहिल्या.

स्वयंपाकाची ती मोठाली भांडी, ते गंज, विहाराचे, पण राहत शेवंताबाईच्या घरात, कुलपात. प्रत्येकावर तिचं नाव ठळक कोरलेलं. कोणाकडं लग्न निघालं की गंज मागायला तिच्या दारी यायचं आणि आधी तिचं बोलणं खायचं. मंडळातल्या गीतानं निवडीत शेवंताबाईला सोडून दुसरीसाठी हात वर केला, तर तिच्या पोरीच्या लग्नात चावीच सापडली नव्हती. गीतानं लालबर्रा गावाहून गंज भाड्यानं आणले.

दीपिका हळू बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"आमच्या कंपनीनं कुलूप त नाही लावलं."

शेवंताबाई उठली, घरी गेली, कमरेची चावी काढली. सगळ्यात मोठा गंज उचलून भर दुपारी विहाराच्या वाटेला लागली. नाव पोटाकडं वळवून धरलेलं.

गीता मंडळाच्या बैठकीतून परतून आपल्या दारात उभी होती. तिनं पाहिलं.

"फिरवून धरा, माय. नाव दिसू द्या. आमाले सवय हाये."

शेवंताबाई पदरानं गंज झाकून पुढं गेली.

अजून बरेच गंज न्यायचे होते, आणि वाट गीताच्या दारावरूनच होती.