सात नंबर खाली

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. पाळणा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अंगाई आणि दुपटं आलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. मी लोखंडाचा आहे, आकाशपाळण्याला टांगलेला आहे आणि माझा नंबर सात आहे. गाझियाबादच्या फुलझडी पार्कात गेली बत्तीस वर्षं मी वर जातो आणि खाली येतो. एवढ्या काळात मी माणसांची भांडणं पाहिली, लग्नं जमताना पाहिली, एकदा तर एका गृहस्थांची कवळी वरून थेट पाणीपुरीवाल्याच्या गाडीवर पडताना पाहिली. मला वाटायचं, आता आपल्याला कशाचाच धक्का बसायचा नाही. पण मार्च महिन्यात जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म याच शहरातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही बारा भाऊ. जोडकाम झाल्यावर मला हळदीसारखा पिवळाधमक रंग दिला आणि कडेने निळी पट्टी ओढली. बारा भावांत पिवळा मी एकटाच, आणि खरं सांगतो, मला त्याचा फार गर्व होता. मुलं रांगेतूनच बोट दाखवायची, "हम पीले वाले में बैठेंगे." पुढ्यात दुसरा पाळणा आला तरी अडून बसायची. मग मी मुद्दाम थोडा जास्तच झुलायचो.

आमचं काम दोन माणसं मिळून चालवत. यंत्राच्या खोलीत हरिदास, दारापाशी बनवारी. दोघेही बुलंदशहरचे. बनवारी एकेका पोराला उचलून आत बसवायचा, माझं दार लोटायचा, कडी घालायचा, ती ओढून बघायचा आणि मग हात वर करायचा. त्याचा हात वर गेल्याशिवाय हरिदास बटणाला बोट लावत नसे. बनवारी बोलायला तिखट होता. एखादा बाप घाईने म्हणाला, "कुछ नहीं होता यार," की तो म्हणायचा, "नहीं होता, क्योंकि मैं खड़ा हूँ." मला तो तेव्हा फार कटकट्या वाटायचा.

मग माझ्या आयुष्यात दादाराव आले. मूळचे अमरावतीकडचे, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला, राहायला इथल्या सरकारी कॉलनीत. कॉलनीत विदर्भ-मराठवाड्याची चाळीसेक बौद्ध कुटुंबं होती. चौदा एप्रिलला सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत बाबासाहेबांना वंदन करायला जात. तिथे मोठी माणसं भाषणं ऐकत आणि पोरं उन्हात कंटाळून जात. "जयंती पोरांच्याही लक्षात राहिली पाहिजे," असं म्हणून दादारावांनी एका वर्षी दुपारी सगळी कॉलनीच इथे आणली. तेव्हापासून तो रिवाज पडला. सकाळी वंदन, दुपारी फुलझडी पार्क. त्या दिवशी आमचे जुने मालक फाटकावर निळे झेंडे लावत आणि मला दुपारभर क्षणाचीही उसंत मिळायची नाही.

दादारावांची मुलगी क्रांती सहा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्यात बसली. वर गेल्यावर म्हणाली, "आई, इथून सगळं मस्त दिखतंय." तिची आई मीराबाई भीतीने डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "दिखतंय नाही गं, दिसतंय." पोरीचं मराठी असं निम्मं हिंदीत बुडालेलं. कॉलनीतल्या मावश्या तिला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. क्रांती चिडायची, पण दरवर्षी बसायची मात्र माझ्यातच.

पुढे दिवस फिरले. मॉल आले, पाण्याच्या घसरगुंड्या आल्या. जुने मालक गेले आणि त्यांचे पुतणे चिराग कारभार बघू लागले. त्यांनी माणसं कमी केली, त्यात बनवारीही गेला. माझा रंग असा उडाला, की मी पिवळा होतो हे आता शपथेवर सांगावं लागेल. लोक फोनवर आमच्याबद्दल लिहू लागले, 'अब वो बात नहीं रही,' 'बचपन की यादें ख़राब हो गईं.' हरिदास ते मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक वाक्य माझ्या जिव्हारी लागायचं. माझी खात्री होती, की हे सगळं रंगामुळे आहे. बनवारी गेला तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रंगाचं जास्त वाटलं, हे आज कबूल करतो.

यंदा कॉलनीत वाद पेटला. तरुण मंडळी म्हणाली, जयंतीला मुलांना नोएडाच्या नव्या पार्कात नेऊ, फुलझडीत आता बघण्यासारखं राहिलंय काय. दादाराव निवृत्त झाले होते, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. शेवटी असं ठरलं, की क्रांतीने जाऊन बघावं. ती आता मोठी इंजिनियर झाली होती, तिला यंत्रांतलं कळत होतं. ती हो म्हणाली तर सगळे येणार, नाही म्हणाली तर कोणीच नाही. इकडे चिरागांनी हरिदासला सांगून ठेवलं होतं, की यंदा ती गर्दीही आली नाही तर आकाशपाळणा भंगारात जाईल. तेव्हा त्या दिवशी क्रांतीच्या जिभेवर माझा जीव टांगलेला होता.

आठवड्यातला मधलाच दिवस होता. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या तिघं आली. दादाराव पुढे, त्यांच्यामागे क्रांती, सगळ्यात मागे गुडघे धरत मीराबाई.

"बघ, जसंच्या तसं आहे," दादाराव म्हणाले.

"बाबा, सगळे बेंच तुटलेत. टॉयलेटला लॉक आहे."

"बेंच बघायला आलीस का? वातावरण बघ."

"तेच बघतेय. बिल्कुल सन्नाटा आहे."

"तुमच्या पिढीला मजा कशात असते तेच समजत नाही. एक फोन दिला की झालं."

"तुमचं चालू द्या," मीराबाई म्हणाली. "माझे पाय गेले. मी इथे टेकते." आणि ती येऊन माझ्यात बसली. मी नेमका तळाशी होतो. माझी पाठ उंच आहे, त्यामागे ती पुरती झाकली गेली. बापलेक वाद घालत मागच्या बाजूला खांबांचे बोल्ट बघायला गेले.

आमच्याकडे एक शिस्त आहे. रोज सकाळी पहिला फेरा रिकामा फिरवायचा, मग माणसं घ्यायची. हरिदास मागच्या दाराने यंत्राच्या खोलीत आला. खोलीच्या काचेवर धुळीचा थर, समोरचं धड दिसत नाही. पूर्वी बनवारी तळाच्या पाळण्यात डोकावून सांगायचा. आता तिथे कोणीच नसतं, पण जुन्या सवयीने हरिदास आतूनच ओरडतो. त्या दिवशीही ओरडला, "सात नंबर खाली?"

मीराबाईने लगेच उत्तर दिलं, "हो हो, खालीच आहे."

इथेच घात झाला, मित्रांनो. हरिदासच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामा. मीराबाईच्या मराठीत खाली म्हणजे तळाशी. त्याने विचारलं, सात नंबर रिकामा आहे का. तिने सांगितलं, सात नंबर तळाशी आहे. तुम्ही म्हणाल, तीस वर्षं इथे राहून तिला एवढं ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. बसमध्ये ती रोज विचारते, "भैया, सीट खाली है?" पण सकाळपासून घरच्यांशी मराठी चाललेलं, आणि ती खरोखरच खाली बसलेली. तिच्या तोंडून तिची भाषा निघाली. हरिदासच्या कानाने त्यातला 'खाली' तेवढा उचलला, त्याला वाटलं, पार्कात झाडणारी बाई बोलली. त्याने बटण दाबलं.

मी उचलला गेलो. माझं दार सताड उघडं होतं.

आधी तिला कळलंच नाही. मग जमीन दूर जायला लागली आणि तिने माझ्या पाठीची दांडी दोन्ही हातांनी धरली. तिची एक चप्पल दारातून निसटली आणि थेट दादारावांच्या पुढ्यात जाऊन पडली. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला, की मला तो इतक्या उंचावरूनही दिसला.

"खाली! अहो, मला खाली घ्या!" मीराबाई ओरडली.

"खाली घे रे! हरिदास, खाली, खाली!" दादारावही ओरडले. तेही हिंदी विसरले. जीव घाबरला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि आत बसलेला हरिदास ते ऐकून मान डोलावत होता. बाहेरचे लोक सांगताहेत, खाली है, खाली है. ते जितके जिवाच्या आकांताने ओरडत होते, तितकी त्याची खात्री पटत होती. त्याने वेग वाढवला.

मी काय करू शकत होतो? मला हात नाहीत. टोकावर पोचल्यावर मी नेहमी दाराच्या बाजूला झुकतो. मुलं त्याच क्षणाला खिदळतात आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी मी झुकलो आणि मीराबाई सरकली. तिचा एक पाय दाराबाहेर गेला. बत्तीस वर्षांत मला पहिल्यांदा माझ्या झुलण्याची शिसारी आली.

क्रांतीने वर बघण्यात वेळ घालवला नाही. ती यंत्राच्या खोलीकडे धावली आणि काचेवर दोन्ही मुठी आपटत ओरडली, "भैया, रोको! खाली नहीं है! मेरी माँ बैठी है उसमें!"

तिघांच्या ओरडण्यात हे एकच वाक्य हरिदासच्या भाषेतलं होतं. चाक थांबलं. मग हळूहळू, कण्हत, त्याने मला तळाशी आणलं.

मीराबाईला दोघांनी धरून उतरवलं. हरिदास तिच्या पायाशी बसला. "माताजी, मुझे लगा खाली है."

"मीच बोलले ना खाली," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "पण याचं दार लावायला कोणी नव्हतं का?"

दादारावांनी तिची चप्पल हातात धरली होती. त्यांनीच तो प्रश्न हिंदीत विचारला, अगदी हळू आवाजात.

"बनवारी लगाता था बाबूजी. दो साल से नहीं है. छोटे मालिक बोले, एक आदमी बहुत है."

"और जब भीड़ होती है?" क्रांतीने विचारलं. "बच्चों की कुंडी कौन लगाता है?"

हरिदासने खाली मान घातली. "खुद ही लगा लेते हैं, दीदी."

मला तेव्हा उमगलं आणि मी सुन्न झालो. दोन वर्षं पाच-सहा वर्षांची पोरं आपल्या इवल्या बोटांनी स्वतःची कडी घालत होती. कधी कडी नीट अडकायची, कधी नुसती टेकून राहायची. हे सगळं माझ्याच अंगावर घडत होतं, आणि मी मात्र उडालेल्या रंगाचं रडगाणं गात होतो.

क्रांतीने फोन काढला. कॉलनीचा ग्रुप उत्तराची वाट बघत होता. तिने दोन शब्द लिहिले आणि पुसले. वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, मी रात्री लिहिते. तुम्हाला बुरा... वाईट वाटेल."

"दे इकडे," दादाराव म्हणाले. "आणणारा मी. लिहिणार पण मीच."

एकेक अक्षर पुटपुटत त्यांनी लिहिलं, म्हणून मला ते ऐकू आलं. "यंदा मुलांना फुलझडी पार्कात आणायचं नाही. मी स्वतः पाहिलं. मी चुकीचा हट्ट धरला होता. दादाराव."

माझ्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाने मला भंगारात धाडलं, मित्रांनो. धक्का बसला म्हणजे किती बसला म्हणून सांगू. पण मला राग आला नाही, याचाच मला जास्त धक्का बसला. उलट वाटलं, आज दोन वर्षांनी कोणीतरी माझ्या दारापाशी उभं राहिलं.

त्याच दिवशी हरिदास चिरागांकडे गेला आणि म्हणाला, दुसरा माणूस द्या, नाहीतर मी बटण दाबणार नाही. ते म्हणाले, पाहू. तो घरी बसला तो आजतागायत. चौदा एप्रिल आला आणि गेला. फाटकावर झेंडे लागले नाहीत. मी दिवसभर रिकामा उभा होतो आणि त्या रिकामेपणाने मला बरं वाटत होतं.

पण मला भंगारात काही दिलं नाही. कॉलनी का आली नाही याचं उत्तर चिरागांनी फोनवर शोधलं. तिथे लोकांनी लिहिलंच होतं, पार्क जुनाट दिसतो. त्यांना वाटलं, रंग दिला की गर्दी परत येईल. आज सकाळी दोन रंगारी आले आहेत. त्यांनी माझा गंज खरवडला आणि पिवळ्या रंगाचा डबा उघडला. अर्धा मी रंगून झालो आहे. उद्यापासून यंत्रावर नवा माणूस येणार आहे म्हणे. एकटाच.

या रंगासाठी मी किती झुरलो, आणि आज तो अंगावर चढताना मला भीती वाटते आहे. उद्या लांबून मी इतका देखणा दिसेन, की तुम्ही आईबाबांचा हात सोडून माझ्याकडे धावत सुटाल. मित्रांनो, धावा, पण दाराशी येऊन थांबा. कडी घालणारा, ती ओढून बघणारा, तुमच्यावर कटकट करणारा कोणी तिथे उभा आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर मी कितीही पिवळा दिसलो तरी माझ्यात बसू नका.