आईचा वरचा डावा दात

आईचं नाक चौथ्यांदा गळून पडलं. या वेळी ते टेबलावर न थांबता खाली गेलं, घरंगळत शेजारच्या मुलाच्या चपलेपाशी पोचलं, आणि त्याने ते उचलून अदबीने परत केलं.

"नाक सांभाळ," तो म्हणाला.

वर्गात असा हशा पिकला की खालच्या मजल्यावर वाचनालयात झोपलेले तिघेजण म्हणे दचकून उठले आणि पुस्तकं सरळ धरून वाचायला लागले. ठमी हसली नाही. तिने नाक घेतलं, ओल्या मातीच्या त्या डोक्यावर पुन्हा दाबून बसवलं. नाक बसलं, तर कान सैल झाला.

हजेरीत तिचं वेगळं नाव होतं, पण आई ठमी म्हणायची म्हणून सगळेच म्हणत. विद्यापीठात ती दात बनवायचं शिकत होती. कवळ्या, कॅप, पडलेल्या दातांच्या जागी बसणारे दात. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण विद्यापीठाचा नियम असा की शेवटच्या वर्षी प्रत्येकाने कलेचा एक विषय घ्यायचा, हाताने एक वस्तू करायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवायची. मागच्या वर्षी ठमीने मावशीचं चित्र काढलं होतं. परीक्षकांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, किटली बरी जमली आहे म्हणाले, आणि नापास केलं.

ही दुसरी खेप आणि शेवटची. यंदा विषय होता 'घरातलं माणूस'. परीक्षा शुक्रवारी, आणि आज सोमवार. हा एक विषय राहिला तर पदवी नाही. पदवी नाही तर पुढच्या महिन्यात दाताच्या लॅबमध्ये ठरलेली नोकरीही नाही. बाकी सगळे पेपर सुटलेले, आणि गळ्याशी आलं होतं ते हे मातीचं नाक.

तास संपल्यावर ती शिल्पाच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडम इतकं हळू बोलत की समोरची माशीसुद्धा ऐकायला थांबत असावी.

"मॅडम, माझं नाव काढून टाका. सॉरी. माझ्या हातात कला नाहीये."

"मग काय आहे हातात?"

ठमीने हातांकडे पाहिलं. नखांत माती होती.

"दात," ती म्हणाली.

"मग दात कर."

"दात म्हणजे कला थोडीच आहे?"

"ते परीक्षक बघतील. पण हातानेच करायचं हं. साचा काढून आणलास तर ती झेरॉक्स झाली."

दोन दिवस ठमी लॅबमधून हलली नाही. दिव्यावर मेण मऊ करायचं, कोरणीने एकेक दात उभा करायचा, मऊ कापडाने पुसायचा. खालचे दात, वरचे दात, गुलाबी हिरड्या. आईचं तोंड तिला काही समोर धरून बसायची गरज नव्हती. बावीस वर्षं त्या तोंडासमोर बसून ती जेवली होती. बुधवारी दुपारी शेवटचा दात पुसला, तेव्हा तिला पहिल्यांदा बरं वाटलं. मेणाचे दात असे रांगेत उभे होते की शाळेच्या मास्तरांना हेवा वाटावा.

मॅडमनी ते तळहातावर घेतले, उजेडात फिरवले.

"सुंदर. कुणाचे?"

"आईचे."

"आणि मगरीने नेलेला?"

ठमीला कळेना. मॅडम म्हणाल्या, "मी रोज तुझ्या आईच्या बसने येते."

मग कळलं, आणि कानामागे चटका बसावा तसं झालं. आईचा वरचा डावा दात तिरका तुटलेला होता. अर्धा होता, अर्धा नव्हता. गावाला ठाऊक असलेला दात, आणि ठमीने तो अख्खा केला होता. मुद्दाम नव्हे. चार वर्षं हाताला एकच वळण लावलेलं. मोडकं दिसलं की नीट करायचं. हाताने आईलाही नीट करून टाकलं होतं आणि ठमीला विचारलंसुद्धा नव्हतं.

"हे कुणाचंही तोंड आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "परवा परीक्षा आहे."

ठमीने ते दात डब्यात घालून पिशवीत टाकले आणि जिन्यात बसून राहिली. रडूही येईना. येणारे जाणारे तिला वळसा घालून जात होते.

आई बसची कंडक्टर होती, आणि त्या दाताच्या जिवावर तिने अर्धं शहर हसवलं होतं. नऊ नंबरच्या बसला ती सांगायची की एकदा पुलावर बस बंद पडली, मगरीने खिडकीतून तोंड आत घातलं, आणि तिकीट मागितल्यावर हमरीतुमरीवर आली. चौदा नंबरला एक बिनतिकिटाचा पहिलवान होता. आणि एकवीसला, तिथे म्हातारी माणसं जास्त, आकाशातून तारा पडला होता आणि आईने तो तोंडात झेलला होता. एकदा नऊचा आणि चौदाचा प्रवासी एका लग्नात समोरासमोर आले आणि मगर खरी की पहिलवान यावरून वऱ्हाड दोन तास खोळंबलं. ठमीने लहानपणी विचारलं, तेव्हा तिच्या वाट्याला एक वेगळाच हत्ती आला होता.

संध्याकाळी आई कामावरून आली, तर ठमी पातळ गुलाबी लगदा कालवत बसलेली.

"आ कर."

"हे काय, सिमेंट?"

"माप घ्यायचंय. बघून कोरायला समोर काहीतरी हवं. तीन मिनिटं बोलायचं नाही."

"तीन मिनिटं? अगं, मी जन्मले तेव्हासुद्धा..."

ठमीने लगदा भरलेला ट्रे तिच्या तोंडात सरकवला. घरात एवढी शांतता बहुधा पहिल्यांदाच झाली. नळ ठिबकत असल्याचं दोघींना त्या दिवशी कळलं. आई डोळ्यांनीच काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती, त्यात बहुतेक मगर होती.

गुरुवारी सकाळी ठमीने मापात प्लास्टर ओतलं. आईचे पांढरे जबडे टेबलावर ठेवले आणि शेजारी मेण घेऊन बसली. मेणाचे इतर दात तेच ठेवले. तुटका मात्र भिंगाखाली कोरायला घेतला. एक दात. पण मोडकं करायला हात तयारच होईना. कोरणी आपोआप कडा गुळगुळीत करायची. ती पुसून टाकायची, पुन्हा लावायची. सहा वेळा झालं. दुपार कलली. सातव्या वेळी तिने ठरवलं की आधी नुसतं बघायचं. हा तुटला कसा, टवका कुठून सुरू झाला आणि कुठे गेला.

आणि मग तिला दिसलं. मगर असो, पहिलवान असो, समोरून काही आपटलं असतं तर तुकडा आत गेला असता. हा आतून बाहेर उडाला होता. तिने प्लास्टरचा खालचा जबडा भिंगाखाली धरला. खालच्या एका दाताच्या कडेला बारीक खाच होती, एरवी ओठाआड लपलेली. तिने दोन्ही जबडे जुळवले. खाच तुटक्या कडेत नेमकी बसली.

म्हणजे तोंड उघडं होतं, आणि कुणीतरी खालून हनुवटीवर मारलं होतं. जोरात.

ठमीने कोरणी खाली ठेवली. खालून हनुवटीवर काय बसतं हे कळायला दातांचं शास्त्र शिकावं लागत नाही.

संध्याकाळी तिने ताटाला हात लावला नाही. भिंतीवर बाबांचा फोटो होता. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. फोटोत ते नेहमीसारखे बावळट हसत होते. ठमी त्या फोटोकडे बघत राहिली.

"काय गं, उद्याचं टेन्शन?" आई म्हणाली. "होईल गं. नाहीच झालं तर माझ्या बसला चेकर म्हणून ये. चेहरा तसाच आहे आत्ता."

"आई, तुझा दात कुणी तोडला?"

"सांगितलंय की. हत्ती..."

"खालून बसलंय. हनुवटीवर. मला दिसतं ते, तेवढंच शिकलेय मी." ठमीची नजर पुन्हा भिंतीवर गेली. "बाबांनी?"

आईचा घास हातातच राहिला. तिने फोटोकडे पाहिलं, मग ठमीकडे.

"त्याने आयुष्यात डास मारला नाही," ती म्हणाली. "उगाच त्याच्यावर नको घालूस."

"मग?"

आईने घास ताटात ठेवला. पदराला हात पुसत बसली, पुसून झाले तरी.

"एक करडू होतं," ती म्हणाली.

"आई, आज नको."

"ऐक तर. एवढंसं. पण डोकं म्हणजे दगड. मांडीवर उभं केलं की उड्या मारायचं. मी टाळ्या वाजवायची, ते उड्या मारायचं. एक दिवस मी हसायला तोंड उघडलं आणि त्याने खालून अशी धडक दिली."

"केवढं होतं?" ठमीने विचारलं.

"दहा महिन्यांचं."

नळ ठिबकत होता.

"मग मला आजवर का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस तू? दुधाचा कप फुटला तर आठ दिवस सॉरी म्हणणारी पोर. रोज माझ्या तोंडाकडे बघून तोंड पाडून बसली असतीस." आईने ताट पुढे सरकवलं. "तुझा बाप रक्त बघून बेशुद्ध पडला. एका हातात तू, एका हातात दात, आणि वर त्याला पाणी मारायचं. आता जेव."

शुक्रवारी सकाळी ठमी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचली. मेण लावलं, कोरलं, आणि या वेळी हात अडला नाही. तुटकी कडा खरखरीत राहिली, खाच राहिली. मग तिने दोन्ही जबडे बिजागरीवर चढवले. मिटलेले ठेवायची पद्धत होती. तिने ते उघडले, थोडे आणखी उघडले, आणि स्क्रू आवळला.

परीक्षक उंच, वाकलेले, आणि सकाळपासून बावीस डोकी बघून कंटाळलेले होते. ठमीच्या टेबलापाशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मॅडम मागे उभ्या होत्या.

"एवढं नीटनेटकं काम," ते म्हणाले, "आणि हा एक दात घाईत मोडला वाटतं?"

ठमीच्या ओठांवर सॉरी आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही सर. आईचा तो तसाच आहे."

"मोडला कशाने?"

"माझ्या डोक्याने. मी दहा महिन्यांची असताना."

शेजारचा मुलगा हसायला लागला आणि मध्येच थांबला. परीक्षकांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला, खाली वाकले, मेणाचं उघडं तोंड बाजूने पाहिलं, मग समोरून.

"हसत होत्या का त्या?" त्यांनी विचारलं.

ठमीने होकाराची मान हलवली. त्या तुटक्या दाताकडे बघत ते वाकलेले तसेच राहिले. पुढची टेबलं खोळंबली होती.