झाकणाचे सहा स्क्रू

मी एक अॅम्प्लिफायर आहे, जुन्या व्हॉल्व्हचा, आणि निमोण्यातल्या एका घरात उघड्या अंगानं बसलोय. झाकण आहे मला, पण ते माझ्या अंगावर नसतं. त्याला सहा स्क्रू लागतात, आणि ज्यानं ते पिळायचे त्याला दर सुट्टीला माझ्यात काहीतरी सुधारायचं असतं. तेव्हा बोलता बोलता माझा आवाज चढला तर समजून घ्या.

जन्मानं मी असा नागडा नव्हतो. पुण्याच्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झालो. राखाडी पत्र्याची पेटी, पुढं चार बटणं, आत काचेचे व्हॉल्व्ह. तापले की निखाऱ्यासारखे उजळायचे. हौशीराम आप्पांनी मला घेतलं आणि शिरूर-दौंडच्या गावोगाव माझा भोंगा वाजू लागला. लग्नात मंगलाष्टकं, आखाड्यात पैलवानांचा पुकारा, कुणाची शेळी हरवली तर तेही मीच ओरडून सांगायचो.

आप्पा शिस्तीचा माणूस. कार्यक्रमाच्या जागी पोचले की आधी शंभराचा बल्ब लावून बघायचे. उजेड पिवळट असेल तर माझ्या पाठीवरचा व्होल्टेजचा खटका दोनशेवर, लख्ख असेल तर दोनशेचाळीसवर. मगच मला चालू करायचे. आवाज जरा फाटला की माणूस दचकावा तसे दचकायचे आणि बटण मागं घ्यायचे. वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही फाटू दिलं नाही.

पुढं ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आली आणि मी माळ्यावर गेलो. सात वर्षं धूळ खाल्ली. झाकण अंगावर होतं, एवढंच काय ते सुख.

नव्याण्णव साली आप्पांचा मुलगा रोहिदास मला खाली घेऊन आला. तो रांजणगावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. तिथला रांचीचा एक कामगार गावी परत जाताना आपली गिटार त्याला देऊन गेला होता, आणि जाताना कानात सांगून गेला होता, "भाई, व्हॉल्व्हवाला मशीन ढूंढ. असली आवाज उसी में है." झालं! त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

पहिल्याच रविवारी सहा स्क्रू निघाले. कपॅसिटर बदलले, तारा कापल्या, पत्र्याला भोक पाडून पाचवं बटण बसवलं. दुसऱ्या रविवारी पहिल्या रविवारचं सगळं काढलं. कशासाठी, तर आवाज फाटावा म्हणून! आप्पा दारातूनच कडाडले, "आरं, फाटू न्हाई म्हून म्या जलमभर जीव टाकला, आन् तू मुद्दाम फाडतोस व्हय?"

"आप्पा, गिटारला तसाच आवाज लागतो. एकदा बसून ऐका की."

"झाकान लाव आधी. काम पुरं झालं म्हंजी मानूस झाकान लावतो. तवा येईन ऐकायला."

रोहिदासच्या मनाला ते लागलं. बापानं एकदा समोर बसून ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. पण काम पुरं होईल तर शपथ! त्याची बायको, सुषमावहिनी, वैतागायची, "आवो, आपली पोरगी हात घालंल त्यात, शॉक बसंल. लावा की एकदाचं झाकण!" "पुढच्या रविवारी," असं तो म्हणायचा. असे कितीतरी रविवार मी मोजले.

त्याचा सगळ्यात मोठा शहाणपणा पुढंच आहे. गावात थ्री-फेज लाईट आली की सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू व्हायच्या आणि घरातलं व्होल्टेज पार खाली बसायचं. म्हणून त्यानं माझा खटका दोनशेवर नेला. खटका सैल होता, सारखा सरकायचा, तेव्हा पठ्ठ्यानं तो सोल्डरचा डाग देऊन तिथंच कायमचा पक्का केला. वर फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. कंपनीत हाच माणूस इतरांना सुरक्षिततेचे धडे देतो!

दोन हजार तीनच्या जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन ठरलं, दुपारचं. रोहिदासला गिटार वाजवायला बोलावलं. त्या सकाळी त्यानं खरोखर झाकण लावलं. सहाच्या सहा स्क्रू. मला भरून आलं. शब्दाला जागून आप्पा फेटा बांधून पहिल्या रांगेत येऊन बसले.

रोहिदासनं तार छेडली आणि काय आवाज निघाला म्हणून सांगू! भरदार, फाटका, छातीत घुसणारा. असा मी जन्मात बोललो नव्हतो. पोरं उभी राहिली. मग माझ्या पोटात आग पडली. व्हॉल्व्ह लालभडक झाले, ट्रान्सफॉर्मरचं डांबर वितळलं आणि झाकणाच्या फटीतून धूर निघाला.

आप्पाच धावत वर आले आणि त्यांनी पिन उपटली. "बल्ब लावून बघितला व्हतास का?"

रोहिदास माझ्या पाठीवरचा डाग दिलेला खटका बघू लागला.

"आरं, समदं गाव हितं बसलंय. पान्याची दारं धरायला शिवारात हाय का कोन? समद्या मोटरी बंद. लाईट फुल आली, बाळा!"

गाव ऐकायला आलं आणि म्हणूनच मी जळालो. रोहिदासनं मला घरी आणून कोपऱ्यात ढकललं. "उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो," म्हणाला. तो रडत होता. मला त्याचा राग होता, तरी वाईट वाटलं.

सकाळी आप्पांनी मला मांडीवर घेतलं आणि स्वतः सहा स्क्रू काढले. "गाडी काढ. शिरूरला जाऊन ह्याचा ट्रान्सफॉर्मर नव्या तारंनं भरून आनू." मग जरा घुटमळले. खाली बघत म्हणाले, "आन् येक सांग. जळायच्या आधी त्यो आवाज आला न्हवं? त्यो परत काढता येईल का?"

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पूर्वी एक जण छळायचा, आता दोघं छळतात. एक म्हणतो हा कपॅसिटर, दुसरा म्हणतो तो. भांडतात, बल्ब लावून बघतात, मोकळा केलेला खटका सरकवतात, मला फाडतात आणि मान डोलावतात. माझ्या झाकणावर आप्पा चहाची बशी ठेवतात. वैताग आलाय मला!

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत स्क्रूंचा डबा कलंडला आणि सहाही स्क्रू धान्याच्या कोठीमागं गेले. सगळे शोधून थकले. ते कुठं गेले ते मी मात्र पाहिलंय. आप्पांचे हात आता कापतात. काम पुरं झालं की माणूस झाकण लावतो, हेही त्यांचंच म्हणणं. तेव्हा एक विनंती आहे. तुम्ही कधी निमोण्यात आलात, तर त्या दोघांना कोठी सरकवायला सांगू नका.