टेकू का, इवाई?

मित्रांनो, मी विमानातली एक जुनी खुर्ची आहे. सध्या मात्र हिंगोलीत, चाँद पाशांच्या दुकानामागे, फाटक्या रेक्झिनच्या ढिगाशेजारी पडून आहे. माझ्यावर एक कोंबडी अंडी घालते. हसू नका. कोंबडी बसण्याआधी निदान एकदा मान वळवून मागेपुढे बघते. माणसांबद्दल मला तेवढंही सांगता येत नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी विमानात होते, बाराव्या रांगेत, खिडकीशी. माझ्या हाताला एक बटण होतं. ते दाबलं की माझी पाठ चार बोटं मागे जायची. चार बोटं म्हणजे ती काय हो, पण तेवढ्यावरून चांगलीचांगली माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. पुढचा म्हणायचा, बटण दिलंय ते दाबायलाच दिलंय. मागचा म्हणायचा, मग मी गुडघे काय घरी ठेवून येऊ? दोघेही तिकीट काढून आलेले. तरी तिथे एक बरं होतं. जेवण आलं की हवाई सुंदरी यायची आणि गोड बोलून सगळ्यांच्या पाठी सरळ करून घ्यायची. कितीही मोठा साहेब असला तरी तिचं ऐकावं लागायचं.

पुढे विमान म्हातारं झालं आणि आम्ही खुर्च्या हैदराबादच्या भंगारात आलो. तिथून चाँद पाशांनी आम्हाला टेम्पोत घालून हिंगोलीला आणलं. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांचा हात धरणारा कारागीर आसपास नाही. त्यांच्या मुजाहिदने हिंगोली-नांदेड अशी दिवसाची गाडी सुरू केली होती, तिच्यात आम्हाला बसवायचं ठरलं. चाँद पाशांनी मला नवं निळं कापड शिवलं, बटण काढून दांडा लावला. मग मला चार बोटांवर अडवणारा लोखंडी तुकडा होता ना, तोही त्यांनी कापून काढला.

“अब्बा, ते काहून काढलं?” मुजाहिदने विचारलं.

“चार बोटं काय कामाची? मानूस बराबर लवंडला पाहिजे. उद्या सगळे म्हनतील, विमानापेक्षा बी भारी.”

त्याच दिवशी एक रांग जास्तीची बसावी म्हणून त्यांनी सगळ्या खुर्च्या वीतभर जवळ घेतल्या. म्हणजे पाठ जास्त मागे जाणार आणि मागची जागा मात्र कमी होणार. एवढ्या हुशार माणसाच्या हे ध्यानात कसं आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मुजाहिदच्या गाडीला लोक विमानगाडी म्हणू लागले. लग्नाला निघालेले वऱ्हाडी माझ्यावर बसून मोबाइलात फोटो काढायचे. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते. माझ्यामागची रांग पत्र्याला टेकलेली, तिला मागे जाताच यायचं नाही. तिच्यावर बसायला कुणी राजी नसायचं, आणि माझ्यासाठी मात्र रुमाल टाकून जागा धरायचे. खोटं कशाला बोलू, मी चढून गेले होते.

कळमनुरीला कोंडीबा आणि कमलबाई चढायचे. कमलबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना नांदेडला मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागायचं. त्यासाठी डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या हातात एक नस दुसऱ्या नसेला जोडून दिली होती. त्या जागी हात लावला की आत मांजर बसल्यासारखी घुरघुर लागायची. ती घुरघुर चालू आहे तोवर मशीन चालणार, आणि मशीन चालणार तोवर कमलबाई. म्हणून गाडीत बसलं की कोंडीबा त्या हाताला कान लावायचे आणि म्हणायचे, “चालू हाय.” कमलबाई म्हणायच्या, “मंग, बंद पडाया काय झालं?” हे त्यांचं नेहमीचं होतं. कळमनुरीपर्यंत गाडी भरलेली असायची, त्यामुळे त्यांना जागा मिळायची ती शेवटच्या रांगेत, माझ्या मागे.

एका सकाळी माझ्यावर मारोतराव बसले होते. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेला उंचापुरा, बोलका माणूस. कोंडीबांची लेक सपना त्यांच्याच घरी दिलेली, म्हणजे दोघे एकमेकांचे व्याही. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं.

“जय भीम, इवाई. लई दिसानं गाठ पडली.”

“जय भीम,” कोंडीबा म्हणाले. “सपना बरी हाय ना?”

“बेस हाय. लेक काय, सोनं दिलं तुमी आमाला.”

कमलबाईंचा चेहरा फुलला. त्या माझ्या मागे बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, आणि डब्यावर तो डावा हात, वर धरल्यासारखा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

गाव सुटलं. मारोतरावांच्या पुढच्या खुर्चीतल्या पोराने कानात वायर घातली आणि दांडा ओढून सरळ यांच्या गुडघ्यांवर पाठ टाकली. मारोतरावांनी पाय इकडे केले, तिकडे केले. मग त्यांचा हात माझ्या दांड्याकडे गेला. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. त्यांनी विचारलं. पण समोरच्या काचेकडे बघत विचारलं.

“टेकू का जरा, इवाई? तकलीफ न्हाई ना?”

एकदा मान वळवली असती तर डबा दिसला असता, हात दिसला असता. कोंडीबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळ्यांनीच दटावलं.

“तकलीफ कशाची?” कोंडीबा म्हणाले. “टेका की आरामात.”

मग काय, दांडा ओढला आणि मी गेले मागे. चार बोटांवर मला अडवणारं काही उरलंच नव्हतं. माझी पाठ कमलबाईंच्या हातावर जाऊन बसली. खाली स्टीलचा डबा, वर मी आणि माझ्यावर मारोतरावांचं सगळं ओझं. ती घुरघुर मला कापडातून लागत होती.

हात काढायचा तर आधी मला वर ढकलावं लागणार होतं. कमलबाईंनी जरासं ढकलून पाहिलं. मारोतराव झोपेतच म्हणाले, “काय झालं हो?” कमलबाई म्हणाल्या, “काई न्हाई, काई न्हाई.”

“मी सांगतो त्याईला,” कोंडीबा बायकोच्या कानाशी म्हणाले.

“गप बसा. लेकीचे सासरे हायत. येवढ्यासाठी उठवता का त्याईला? घरी जाऊन सपनाला म्हनतील, तुझ्या मायला दोन घटका कळ काढवंना.”

“अगं पर हात...”

“नांदेड काय लांब हाय का?”

भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती त्या दिवशी माझ्या मागे बसली होती. लेक दिलेल्या घरच्या माणसाला ‘सरका’ म्हणायचं नाही. कुणी घालून दिली ही रीत? बाळापूर आलं. घुरघुर हळू झाली. बाळापूर गेलं, आणि मग मला ती लागेनाशी झाली. मला वाटलं, कापड जाड आहे म्हणून असेल. मी स्वतःची अशी समजूत घालत राहिले, कारण मागे झुकायचं शिकलेली मी, पुढे होणं माझ्या हातात नव्हतं.

नांदेडात शिरल्यावर मारोतरावांनी मला सरळ केलं. “बेस झोप लागली,” म्हणाले, आणि जय भीम करून स्टँडच्या आधीच्या चौकात उतरून गेले. कमलबाईंनी हात उचलून स्वतःच्या कानाला लावला. मग कोंडीबांच्या कानाला लावला.

“लागंना हो,” त्या म्हणाल्या.

कोंडीबा पुन्हा पुन्हा कान लावत राहिले. गाडी रिकामी झाली तरी दोघं उठली नव्हती.

पुढच्या वेळी कमलबाई आल्या तेव्हा त्यांच्या मानेत नळी बसवलेली होती, पांढऱ्या पट्टीखाली. हातातली नस बंद पडली होती. उजव्या हाताच्या नसा बारीक, तिकडे जमेल की नाही याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. नळीतून कधी ताप शिरेल याचा नेम नाही, असं कोंडीबा मुजाहिदला सांगत होते. नस कशाने बंद पडली ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मुजाहिद हळहळला आणि त्याने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. मी मात्र जागेवरच होते, माझा दांडाही जागेवर होता.

महिन्याभराने मारोतराव पुन्हा माझ्यावर बसले. मागे पुन्हा तीच दोघं.

“काय झालं हो, इहीनबाई, येकायेकी?” त्यांनी विचारलं.

“नस दबली म्हनं.”

“कशानं?”

कमलबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “आता काय सांगावं. नशीब.”

मारोतराव खरंच कळवळले. सपना घरात रडते म्हणाले, काही लागलं तर सांगा म्हणाले. माझा जीव नुसता जळत होता. अहो, लागलं तेव्हा सांगायची सोय तुम्ही ठेवली होती का? तेवढ्यात त्यांच्या पुढच्याने पाठ टाकली, यांनी पाय इकडे-तिकडे केले, आणि समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले, “टेकू का जरा, इवाई?”

मला वाटलं, आता तरी कोंडीबा बोलतील.

“टेका की,” कोंडीबा म्हणाले.

पण त्याच वेळी त्यांचे दोन्ही तळवे माझ्या पाठीवर आले. दांडा ओढला गेला, मारोतरावांनी रेटा दिला, आणि मागून त्या म्हाताऱ्या हातांनी मला अडवून धरलं. मी बोटभरही हलले नाही. जो तुकडा चाँद पाशांनी कापून टाकला होता, त्याच्या जागी आता एक माणूस लागला होता.

“मुजाहिद, ह्या सीटला काय झालं रे? मागं जाऊन न्हाई राहिली.”

“अब्बाला दाखवतो, काका.”

नांदेडपर्यंत ते हात निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाँद पाशांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. दांडा ठीक, स्प्रिंग ठीक. त्यांना दोष सापडला नाही, पण गिऱ्हाईकाची तक्रार आलेली. त्यांनी मला काढून इथे टाकलं आणि माझ्या जागी दुसरी बसवली. तिचाही तुकडा त्यांनी कापून काढला. ती छान मागे जाते म्हणे.

मित्रांनो, विमानात बसा नाहीतर मुजाहिदच्या गाडीत, टेकायच्या आधी विचारावं, असं तुम्हाला मोठी माणसं शिकवतील. मारोतरावांनी दोन्ही वेळा विचारलं होतं. तुम्ही उठून, वळून, डोळ्यांनी बघा मागे कोण आहे आणि त्याच्या मांडीवर काय आहे. मागचं माणूस ‘टेका की’ असंच म्हणणार आहे. कमलबाई अजून त्याच गाडीने जातात, त्याच शेवटच्या रांगेत बसतात, आणि कळमनुरी सुटली की कोंडीबा आपले दोन्ही हात मोकळे करून ठेवतात.