खड्डेवालीला आलेलं बोलावणं

कुदळ दगडावर आदळली आणि खड्डेवालीच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. वरची माती रात्रीच्या पावसानं मऊ झाली होती, पण कमरेइतकं खाली गेल्यावर मुरूम लागला आणि त्यानं तिचा जीव काढला. ती दगडाच्या सात पिढ्या उद्धरत होती, तेवढ्यात काठावर चिखलानं माखलेल्या बुटांची जोडी येऊन थांबली.

"ताई, जरा बोलायचं होतं."

पाळकसाहेब होते. गेल्या सुगीला चर्चमध्ये नवेच आलेले.

"संध्याकाळपर्यंत होईल खड्डा. घाई केली म्हणून मुरूम फुटत नाही."

"खड्ड्याचं नाही, तुमच्याबद्दल बोलायचंय. चर्चच्या मंडळीच्या सेवेत या. आजाऱ्यांच्या घरी जायचं, त्यांच्यापाशी बसायचं, प्रार्थना करायची. वडीलमंडळींचंही तेच म्हणणं आहे."

खड्डेवालीनं कुदळ टेकवली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा सरळ दिसत होता. पण सरळ तर विळ्याची मूठपण असते.

नवरा गेल्यापासून कबरी तीच खोदायची. चर्चमधून तिला कुणी उठवत नसे, पण शेवटच्या बाकावर ती आणि तिची जाऊ सोडून बाकी जागा कायम रिकामी. लग्नाघरचं बोलावणं नाही. बाळंतिणीच्या घरावरून गेली तर आतून दार लोटलं जायचं. मेल्यावर मात्र सगळ्यांना तिचीच आठवण. अशा बाईला आज एकदम 'ताई'?

"बघते," ती म्हणाली आणि पुन्हा दगडाच्या मागे लागली.

घरी तिची जाऊ शेंगा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेंगा बाजूला सारल्या.

"घर!" ती म्हणाली. "दुसरं काय असणार? कबरस्तानाच्या फाटकाजवळच्या या दोन खोल्या कुणाच्या? चर्चच्या. आधी म्हणतील, बाई, देवाचं काम करा. मग म्हणतील, बाई, तुम्ही आता मोठ्या झालात, इथं राहणं शोभत नाही. आणि आपण दोघी बसू रस्त्यावर, देवाचं नाव घेत."

"एवढं कशाला फिरवून घेतील? हाकलायचं तर सरळ हाकलतील."

"सरळ हाकललं तर लोक बोलतात. गोडीनं हाकललं तर टाळ्या मिळतात."

खड्डेवालीला हसू आलं, पण झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दफन उरकल्यावर ती हातपाय धुऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेली. तिथं पाळकसाहेब होते, वडीलमंडळींतला सुतार होता आणि शाळेतल्या मास्तरीणबाई होत्या. तिला खुर्ची दिली. ती उभीच राहिली.

"गावातल्या बाकीच्या बायका सरल्या का?" तिनं विचारलं.

सुतार खिडकीबाहेर बघू लागला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा सगळे आले, बोलले, निघून गेले. तुम्ही खड्डा बुजवलात आणि माझ्याजवळ बसून राहिलात. चांगला अंधार पडेपर्यंत."

"माझे पाय दुखत होते."

"असतील. पण मला बरं वाटलं होतं."

सगळे जरा हसले. खड्डेवाली नाही हसली.

"आणखी काय आहे? पोटातलं सांगा."

पाळकसाहेबांनी सुताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गिरणीवाले अंथरुणाला खिळलेत. फार दिवस काढतील असं वाटत नाही. मला त्यांनी दारातून परत पाठवलं. या सुतारांच्या अंगावर तांब्या फेकला."

"असं! म्हणजे बैल मारका निघाला, म्हणून मला पुढं ढकलायचं."

"हो," पाळकसाहेब म्हणाले. "तेही आहे. पण ते आजारी पडण्याआधीच मास्तरीणबाईंनी तुमचं नाव घेतलं होतं."

त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर ती तिथूनच माघारी फिरली असती. 'हो'नं तिची पंचाईत केली.

"आमच्या खोल्या?"

"त्यांचं काय?"

"आमच्याच राहतील ना?"

"राहतील की."

"मग रविवारी सगळ्या मंडळीसमोर म्हणा."

सुतार खोकला. पण पाळकसाहेब रविवारी उभे राहिले आणि म्हणाले. शेवटच्या बाकावर तिच्या जावेनं तिला कोपर मारलं, "आता मात्र यांच्या मनात काहीतरी भलतंच मोठं असणार!"

सोमवारी खड्डेवाली गिरणीवाल्याकडे गेली. यानं आयुष्यभर तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी घातलं होतं. तिच्या दाण्यानं जातं बाटतं म्हणायचा. आता तो खाटेवर वाळल्या काटकीसारखा पडला होता. डोळे मात्र तसेच, निखाऱ्यासारखे.

"आलीस? माप घ्यायला?"

"तुमचं माप मी केव्हाच घेतलंय. चालते-फिरते होतात तेव्हा."

गिरणीवाला हसला, हसता हसता खोकल्यानं गुदमरला. तिनं त्याला पाठीशी हात घालून उठवलं आणि उशी लावली. त्यानं तो हात झटकला नाही.

"पाळकानं पाठवलं ना?"

"हो. त्यांना तुमची भीती वाटते."

"आणि तुला?"

"माझ्याकडे येणारी माणसं गप्पच असतात. एखादा शिव्या देणारा भेटला तर बरंच वाटतं."

बाहेर वारा सुटला होता, पत्रा वाजत होता. गिरणीवाल्यानं गोधडी गळ्यापर्यंत ओढली. मग लहान मुलासारखा हळूच म्हणाला, "खाली फार गार असतं का गं?"

तिला चर्चमधली वाक्यं आठवत होती, पण एकही ओठांवर येईना.

"गार वर असतं," ती म्हणाली. "वाऱ्यात. थंडीत मी खड्ड्यात उतरते ना, तेव्हा ऊब लागते. कधी कधी वर यावंसं वाटत नाही."

त्यानं डोळे मिटले. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि पुटपुटली, "देवा, माणूस तिरसट आहे. पण तुझाच आहे. बघ बाबा त्याच्याकडे."

"तिरसट कुणाला म्हणतेस?" डोळे न उघडताच गिरणीवाला म्हणाला. पण हात राहू दिला.

ती बाहेर आली तर कुंपणापाशी पाळकसाहेब उभे. गार वाऱ्यात वाट बघून बघून कान लाल झालेले.

"काय म्हणाले?"

"ते त्यांच्यात आणि माझ्यात."

"प्रार्थना झाली ना? कोणती केलीत?"

खड्डेवालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता, आणि तिला ते मनापासून आवडलं.

"उद्या परत जातेय," ती म्हणाली आणि पदर खोचून चालू लागली. "तुम्ही नका येऊ. ते तांब्या उशाशीच ठेवतात."