बोटभर लाकूड

अक्रोडाची ती फळी माळ्यावर वाळत पडली, तेव्हापासून धाकटीचा तिच्यावर डोळा होता. बंदुकांचे खांद्याला टेकायचे लाकडी दस्ते घडवणाऱ्या बापाच्या हाताखाली तिचे केस पिकायला लागले होते. नेमबाजीच्या स्पर्धेला मात्र ती स्वतःची रायफल घेऊन जाई, ती तडकलेल्या दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळून.

"बाबा, ही फळी मला द्या ना," ती एकदाच म्हणाली होती.

"ती दादाची आहे." विषय संपला.

दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेला दादा येणार असं कळलं आणि फळी खाली उतरली. बाबांनी ओलं फडकं फिरवून तिच्या रेषा निरखल्या. मुठीच्या जागी रेषा सरळ हवी, नाहीतर दस्ता तिथेच मोडतो. जागा सापडली. पण दस्ता सदऱ्यासारखा अंगावर बेतावा लागतो, आणि दादा तर तिकडे.

"तू उभी राहा. एका आईची लेकरं तुम्ही, फरक काय असणार?"

"फरक मला विचारा," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. माप घ्या म्हटलं."

कानस झाली, घासणं झालं. पाण्याने उभी राहिलेली लाकडाची लव पुन्हा घासली. जवसाचं तेल तिने चोळलं, कारण बाबांचे हात आता थरथरत. तळहात तापेतो चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. आतून मधासारखा रंग वर आला. कोणी नसताना तिने दस्त्याला गाल टेकवून पाहिला. अंगचाच वाटला.

दादा आला. आपल्या बंदुकीला बसवलेला दस्ता खांद्याला लावून त्याने तोंड वाकडं केलं. "लांब होतोय, बाबा. मान ताणावी लागते."

तिचे हात लांब असणं हा तिचाच गुन्हा असल्यासारखं बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मागून बोटभर काप गं."

"दादा, तू बंदूक चालवणार आहेस ना पण?"

"छे! दिवाणखान्यात टांगणार. तुझ्यासारखा रिकामा वेळ कुठंय मला?" तो हसला. "पण बाबांनी केलंय, तर अंगाला बसायला नको?"

"बाबा, टांगायचाच तर कशाला कापायचा?"

"सांगितलं तेवढं कर."

तिने करवत घेतली. वाकडं कापावं असं फार वाटलं. हाताला ते जमलं नाही. काप सुतासारखा सरळ आला.

"आता कसा बसला!" बाबा खुलले. मग त्यांना तिची आठवण झाली. "तो तुकडा टाकू नकोस हं. तुझ्या दस्त्याच्या फटीत ठोकायला होईल."

ती झाडू घेऊन आली. भुसा सुपलीत भरला, आणि त्यातच तो तुकडाही.